लाल टोक बाहेर

दार वाजलं, पण ठोठावल्यासारखं नाही. डॉक्टर बोटं आपटून छाती तपासतात तसं.

"पोकळ आहे," बाहेरून आवाज आला. "आत पुठ्ठा भरलाय. सुतारानं फसवलं तुम्हाला."

भाऊजींनी दार उघडलं. समोर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, गळ्यात चष्म्याची काळी दोरी आणि दोरीला चष्म्याच्या सोबतीनं एक पितळी किल्ली.

"मला फीतकाका म्हणतात," ते म्हणाले. "ध्वनिमुद्रक आहे."

निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती हे नंतर कळलं. पण 'होतो' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

आतल्या टेबलामागे वहिनी बसल्या होत्या. पूर्वी त्या विमा कंपनीत जळालेल्या आणि भिजलेल्या मालाचे दावे तपासायच्या. आता खासगी तपास करायच्या. एका जळक्या गोदामाची राख नुसती हुंगून त्यांनी सांगितलं होतं म्हणे, की इथे माल नव्हताच. आणि ते ऐकून राखेनंसुद्धा मान खाली घातली होती. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. आयुष्य भूमापन खात्यात गेलेलं, त्यामुळे मोजायची आणि टिपायची सवय पक्की. अर्थ लावायची सवय मात्र खात्यानंच लावू दिली नव्हती. या दोघांना सारं गाव वहिनी आणि भाऊजी म्हणूनच ओळखायचं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, चहा ठेवा."

भाऊजींनी कोपऱ्यातल्या गॅसवर किटली चढवली. खालून एक ट्रक गेला.

"एक सिलिंडर मेलाय त्याचा," फीतकाका बसता बसता म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका चित्रपटाचं पहिलंच गाणं त्यांनी मुद्रित केलं. गाणारी नवी होती, तिचंही ते पहिलंच. चित्रपट डब्यात गेला, निर्माता देशोधडीला लागला. गाणारी लग्न करून दूरदेशी गेली आणि तिनं पुन्हा कधी गायलं नाही. उरलं ते एक स्पूल. एवढी मोठी, ताटलीसारखी धातूची चकती आणि तिच्यावर गुंडाळलेली फीत. दुसरी प्रत नाही.

"काढली का नाही?" भाऊजींनी विचारलं.

"प्रत काढली की आवाजावरची साय जाते."

भाऊजींनी 'साय' असं टिपलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"बाईंना मी दर वर्षी पत्रातून कळवतो, तुमचं गाणं माझ्यापाशी जपून आहे. स्वतःचं ते गाणं त्यांनी कधी ऐकलेलंच नाही. उद्या, रविवारी चार वाजता त्या आमच्या मंडळात येतायत, खास तेवढ्यासाठी. परवाच्या विमानानं परत. आणि आज सकाळी पेटी उघडली तर—"

इथे किटलीची शिट्टी सुटली. ती शिट्टी म्हणजे भाऊजींनी हौसेनं आणलेला प्रकार होता. तिच्यामुळे शेजारच्या शिंप्याची सुई दोनदा बोटात गेली होती. भाऊजी दचकून उठले, पेन्सिल घरंगळली.

"—तर आत दुसरंच स्पूल," फीतकाका त्याच संथ आवाजात बोलत राहिले. "मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, उद्या चारपर्यंत फीत मिळाली नाही तर किल्ली टेबलावर ठेवा. किल्लीचं काही नाही हो. पण बाई काय म्हणतील? म्हातारा पंचेचाळीस वर्षं थापा मारत होता."

वहिनी स्वतः उठल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. भाऊजी बघत राहिले. वहिनी गॅस बंद करायला उठल्या, हे गेल्या सात वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "चहा नंतर."

*

मंडळाची खोली दिव्यांच्या दुकानावर होती. जुन्या यंत्रांवर जीव टाकणारे वीसेक लोक तिथे दर आठवड्याला जमायचे. दोन आकारांच्या व्हिडिओ कॅसेटी समोरासमोरच्या भिंतींना लावल्या होत्या, कारण त्यांचे चाहते अजून एकमेकांशी नीट बोलत नव्हते. खिडकीखाली रेकॉर्डी. मधे काचेत लेझर डिस्क, ताटाएवढ्या आणि आरशासारख्या. या डिस्क अध्यक्षांच्या. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि डिस्कसुद्धा रुग्णासारखी कडेनंच धरायचे.

स्पूलांचं कपाट भिंतीत होतं. फीतकाकांनी दोरी न काढता वाकून किल्ली लावली. आत चोवीस पेट्या. दाराच्या आतल्या बाजूला वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'वाजवून झाल्यावर मागे गुंडाळू नये. लाल टोक बाहेर.'

"म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"प्रत्येक फितीच्या सुरुवातीला हिरवी पट्टी जोडतो, शेवटाला लाल. गाणं वाजून संपलं की फीत तशीच ठेवायची, शेवट बाहेर. सावकाश वाजत गेलेली फीत एकसारखी बसते. घाईनं उलटी पळवलेली वेडीवाकडी बसते. शिवाय पडून पडून एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. शेवट बाहेर असला की ती सावली शब्दाच्या मागून येते. सुरुवात बाहेर ठेवली की आधी येते. बाईंनी तोंड उघडायच्या आतच त्यांचा शब्द ऐकू आला, तर कसं वाटेल?"

वहिनींनी चोवीसही पेट्या उघडायला लावल्या. भाऊजींनी मोजदाद केली: तेवीस लाल, एक हिरवं. हिरवं सातव्या पेटीत, म्हणजे गाण्याच्या पेटीत होतं. हिरवा रंग खोलीत जास्त उठून दिसतो, अशी नोंदही त्यांनी केली.

"आणि वर गुंडाळून ठेवलंय," फीतकाका पुटपुटले. "कुठल्या गाढवाचं काम आहे कोण जाणे."

"वाजवा ते."

मशीन फिरलं आणि खणखणीत आवाजात अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. 'मित्रहो, दात काय आणि फीत काय, निगा राखली नाही तर दोन्ही आपल्याला सोडून जातात...'

"माझं वार्षिक भाषण," दारातून डॉक्टर म्हणाले. ते कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं. मागोमाग एक जाडजूड माणूस शिरला. तो गाणाऱ्या बाईंचा भाचा, जुन्या रेकॉर्डी विकायचा. "हे तर काकांनी टाकाऊ ठरवलं होतं," तो म्हणाला. "जिन्याखालच्या पोत्यात गेलं होतं."

"तीन तासांचं होतं," फीतकाका म्हणाले.

"दोन तास चाळीस मिनिटं," डॉक्टर म्हणाले.

"पोतं उघडंच असतं?" वहिनींनी विचारलं.

"उघडं," भाचा म्हणाला. "कुणीही घ्यावं. मंडळातल्या कॅसेटमावशीनंच गेल्या महिन्यात पाच स्पूलं नेली. अंड्यांच्या टोपल्या बांधायला म्हणे."

"पोत्यातलं आणखी एक आणा बरं. हे भाषण आणि पोत्यातला माल एकाच जातीचा?"

"एकाच खोक्यातल्या कोऱ्या फिती," फीतकाका म्हणाले. "गाणंही त्याच खोक्यातलं. तेव्हा भरपूर घेऊन ठेवल्या होत्या, अजून वापरतो."

भाऊजींनी धुळकट स्पूल आणलं. फीतकाकांनी ते चढवलं, मशीन सुरू केलं आणि भाऊजींना वाटलं, खोलीत कुणीतरी पाटीवर खिळा ओढतंय. त्यांनी कानांवर हात घेतले. भाचा खिडकीकडे वळला. डॉक्टरांनी डोळे मिटले, स्वतःच्याच खुर्चीत बसल्यासारखे. फीतकाका मान किंचित कलती करून ऐकत होते.

"फितीची चाल जरा जड आहे," ते म्हणाले. "बाकी स्वच्छ."

भाच्यानं डॉक्टरांकडे पाहिलं.

वहिनींनी मशीन थांबवलं, फीत जिथून घासत जाते त्या धातूच्या टोकावरून रुमाल फिरवला आणि भाऊजींच्या पुढे धरला. रुमालावर तपकिरी, चिकट काहीतरी आलं होतं.

"टिपा."

"काय म्हणून?"

"गूळ म्हणून टिपा सध्या."

मग त्यांनी फीतकाकांकडे वळून विचारलं, "गुरुवारी रंगीत तालीम झाली म्हणे. गाणं वाजलं?"

"अर्धं मिनिट. उत्तम वाजलं. मग मावशीनंच थांबवलं. म्हणाली, बाईंच्या आधी आपण कशाला ऐकायचं? खरंच होतं तिचं."

*

डॉक्टरांना वहिनींनी जिन्यात गाठलं.

"ती प्रत माझ्या डिस्कवर घ्या म्हणून मी वर्षभर काकांच्या मागे लागलोय," डॉक्टर म्हणाले. "भांडलोसुद्धा. जगातली एकच प्रत आणि ती एका हट्टी माणसाच्या कपाटात. पण चोरीन कशाला? माझ्याकडे स्पूल वाजवायचं यंत्रच नाही."

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच. मी, भाचेसाहेब आणि मावशी. उद्यासाठी खुर्च्या वर आणत होतो. तीन ते साडेतीन काकांची डुलकी असते. चष्मा काढून टेबलावर ठेवतात, दोरीसकट. किल्लीही तिथेच. आख्ख्या मंडळाला ठाऊक आहे."

"आज पेटी उघडायचं कसं सुचलं?"

"मीच उघडायला लावली. फलकावर त्या फितीचा फोटो लावायचा होता. काका तयार नव्हते. तालमीनंतर रविवारपर्यंत फितीला विश्रांती, असा त्यांचा नियम."

"आणि गुरुवारी गाणं कसं वाजलं?"

डॉक्टरांनी खालच्या दुकानातल्या दिव्यांकडे पाहिलं. "मशीन जुनं आहे," ते म्हणाले.

भाचा सरळ बोलला. "हो, मला ते हवं होतं. रेकॉर्ड काढली असती. आत्याचं गाणं आहे, आमच्या घरचं आहे. पण पंचेचाळीस वर्षांनी आत्या ते ऐकायला येतेय आणि मी ऐन वेळी फीत पळवीन? तिचा हात तुम्ही पाहिला नाहीत. अजून कान पिळते."

"तुम्ही रेकॉर्ड वाजवून झाली की काय करता?"

"सुई उचलतो, रेकॉर्ड पाकिटात. दुसरं काय करणार?"

"आणि डॉक्टर?"

"डिस्क काढतात, फुंकर मारतात, डबीत ठेवतात. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी."

भाऊजींनी हेही टिपलं, आणि याचा गुन्ह्याशी काय संबंध हे मनातल्या मनात विचारून पाहिलं. मग पुढे आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं.

*

कॅसेटमावशीनं पंचवीस वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली होती. ती बंद पडल्यावर तिनं त्याच गाळ्यात अंडी उबवायची यंत्रं बसवली. जिथे कॅसेटी होत्या तिथे आता अंड्यांचे ट्रे होते. पण भिंतीवरची जुनी लाल अक्षरं तिनं पुसली नव्हती: 'गुंडाळून आणाल तरच दुसरी मिळेल.' मंत्र्याच्या गाडीलासुद्धा तिनं कॅसेट गुंडाळून आणायला परत पाठवलं होतं, असं सांगतात. गाडीत मंत्री होते की नुसता ड्रायव्हर, यावर मतभेद आहेत.

आत पाऊल टाकलं आणि भाऊजींच्या कानाला दडे बसले. जमिनीवरच्या लाकडी चौकटीत शंभरेक पिल्लं जीव खाऊन चिवचिवत होती.

"पहाटे फुटली," मावशी ओरडूनच बोलली. "एकवीस दिवस झाले, आज मोकळी झाले. या वहिनी. भाऊजी, पाय बघून टाका. तुम्ही जमिनी मोजायचात, पिल्लं नव्हे."

"काल तीनला तुम्ही मंडळात होता?" वहिनींनी विचारलं.

"होते की. अकरा खुर्च्या उचलल्या. डॉक्टरांनी चार, त्याही कडेनं धरून."

"काकांची फीत कुणी घेतली असेल?"

मावशीनं एक पिल्लू उचललं, त्याचे पाय तपासले. "घेतली असेल त्यानं वाईट हेतूनं घेतली नसेल. एवढं मोठं ओझं घेऊन कोण पळेल? येईल परत."

"काका रात्रभर झोपायचे नाहीत आज."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

यंत्रं तीन होती, कपाटाएवढी. दोन भरलेली, तिसऱ्यावर 'बंद' असा कागद. भाऊजी दमून त्या तिसऱ्याला टेकले आणि त्यांना बरं वाटलं. पाठीला छान शेक मिळत होता. यंत्राच्या काचेमागे तापमापक होता. सवयीनं त्यांनी आकडा टिपला: चौपन्न. वर पाण्याचा पत्र्याचा ट्रे उपडा ठेवला होता, कोरडा ठणठणीत.

"हा ट्रे कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"अंड्यांना ओल लागते. नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं."

"आणि उष्णता किती?" वहिनींनी विचारलं.

"साडेसदतीस. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रुसतात मेली."

"हे बंद यंत्र केव्हा सुरळीत होईल?"

मावशीनं यंत्रावरचा कागद सरळ केला. "संध्याकाळी पुरं होईल. पण रात्रभर हात लावायचा नाही त्याला. उद्या सकाळी."

"मग उद्या अकराला येते. सगळ्यांना घेऊन."

मावशीच्या हातातलं पिल्लू हातातच राहिलं.

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कळलंय. मग आजच सांगा ना. ते म्हातारे रात्रभर तळमळतील."

"भाऊजी, शिजायला घातलेल्याचं झाकण मधेच काढलं तर काय होतं?"

"कच्चं राहतं."

"तेच. त्यांना फोन करा. म्हणावं, फीत सुखरूप आहे, उद्या चारच्या आत मिळेल. माझा शब्द."

*

रविवारी अकराला सगळे त्या गाळ्यात जमले. डॉक्टर एका अंड्याच्या ट्रेला टेकायचं टाळत उभे होते. भाचा पिल्लांच्या चौकटीपाशी. तिसऱ्या यंत्राचं दार बंद होतं, आतला तापमापक आता खोलीइतकाच थंड दिसत होता. मावशी यंत्रासमोर उभी होती, दार अडवल्यासारखी.

फीतकाका सगळ्यांत शेवटी आले. इस्त्री तशीच कडक होती, डोळे मात्र जागलेले. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"वा," ते म्हणाले. "शांत जागा आहे."

शंभर पिल्लं कंठ फोडून ओरडत होती. डॉक्टरांनी खाली पाहिलं. भाच्यानंही. भाऊजींना एकाएकी किटली आठवली.

वहिनींनी घाईनं सुरुवात केली.

"सातव्या पेटीतल्या स्पूलाचं हिरवं टोक बाहेर होतं. भाषण रेकॉर्ड केलं काकांनी, तेव्हा पोत्यात जाताना लाल बाहेर असणार. म्हणजे मधे कुणीतरी ते वाजवलं आणि वाजवून मागे गुंडाळलं. कोण गुंडाळतं? रेकॉर्डवाला सुई उचलतो. डिस्कवाला डबी बंद करतो. दोघांच्या हाताला गुंडाळणं ठाऊकच नाही. मंडळात एकच हात असा आहे, जो वाजवून संपलं की विचार न करता आधी गुंडाळतो."

सगळ्यांनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं. मावशीनं मात्र पाहिलं नाही. तिला ती पाठ होती.

"पण तिनं ते भाषण वाजवलं कशाला?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, मला आनंदच आहे."

"आवडीनं नव्हे, तपासायला. पोत्यातली दुसरी फीत काल चालेना. तिचा चिकटा माझ्या रुमालावर आला. त्या काळच्या फितींचा रोग आहे तो. हवेतली ओल पिऊन त्यांच्यावरचा आवाज धरणारा लेप विरघळतो आणि फीत मशीनला चिकटते. मग भाषणच तेवढं खणखणीत कसं वाजलं? एकाच खोक्यातल्या फिती. कारण त्या फितीवर उपचार झाला होता. मी विम्यात असताना पाहिलाय हा उपाय. आठ तास चौपन्न अंशांवर, कोरड्या हवेत भाजायची, मग तेवढाच वेळ निवू द्यायची. ओल उडते, लेप बसतो. काही आठवडे फीत नव्यासारखी चालते."

"चौपन्न," भाऊजी म्हणाले आणि वही उघडून सगळ्यांना दाखवू लागले. "मी टिपलं होतं. पाठ शेकत होतो तेव्हाच टिपलं होतं."

"अंडी त्या उष्णतेवर उकडली असती. ओलीचा ट्रेही बाहेर काढलेला. म्हणजे त्या बंद यंत्रात अंडी नव्हती. बाकीच्या फिती चिकटू लागल्या तेव्हाच, महिनाभर आधी, मावशीनं पाच टाकाऊ फिती भाजून पाहिल्या, हात बसवला. शुक्रवारी गाणं उचललं आणि वजनाला भाषण ठेवलं. पण पिल्लं फुटल्याशिवाय यंत्र मोकळं होईना, म्हणून भाजणं सुरू झालं काल सकाळी. रविवारपर्यंत पेटी कुणी उघडणार नाही, असा हिशेब होता. तो डॉक्टरांच्या फोटोनं चुकला."

मावशीनं यंत्राचं दार उघडलं. आत, अंड्यांच्या जाळीवर, धातूचं एकुलतं एक स्पूल पडलं होतं. लाल टोक बाहेर.

"मी हात नाही लावला टोकाला," ती म्हणाली. "या वेळी सवय आवरली."

"पण विचारलं का नाही?" भाचा म्हणाला. "सरळ काकांना सांगायचं, फीत चिकटतेय."

वहिनींनी पर्स बंद केली. "माझं काम फीत शोधायचं होतं. पुढचं मी सांगणार नाही."

"मी सांगतो," फीतकाका म्हणाले.

ते पिल्लांच्या चौकटीपाशी वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"चोची उघडतायत," ते म्हणाले. "चोच उघडली की आवाज निघतोच. मघाशी मी म्हणालो शांत आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी आपापले जोडे पाहिले. भाऊजी, तुम्ही टिपणारे आहात. खरं सांगा, किती ओरडतायत?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठवडी बाजार भरलाय, काका."

"आणि गुरुवारी माझी फीत?"

"किंचाळत होती," मावशी म्हणाली. "अर्धं मिनिट आणखी चालली असती तर लेप खरवडून निघाला असता. बाईंचा आवाज भुकटी होऊन पडला असता मशीनखाली. आणि तुम्ही म्हणालात, उत्तम. चाळीस वर्षं आम्ही तुमच्या कानांवर घड्याळं लावली काका. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

फीतकाका सरळ उभे राहिले. ताठ, इस्त्रीसारखेच.

"काल मी गाढव म्हणालो," ते मावशीला म्हणाले. "भाषण गुंडाळलं त्याला. गुंडाळायचं नव्हतं, ते खरंच. पण गुंडाळी पाहिली मी. एक थर वरखाली नाही. मशीननं तसं बसत नाही."

"शेवटी शेवटी हातानं फिरवते मी. कॅसेटचीसुद्धा पेन्सिल घालून फिरवायचे."

"तेच म्हणतोय. गाढवाचं काम नव्हतं ते. शब्द मागे घेतो." मग डॉक्टरांकडे वळले. "तुमचं ते डिस्कवर उतरवायचं यंत्र आज मशीनला जोडून ठेवा. काही आठवडे म्हणाल्या ना वहिनी. साय गेली तर जाऊ दे. दूध राहायला हवं."

*

चार वाजता बाई आल्या. सत्तरीच्या, काठी टेकत, भाच्याचा कान पिळून झाल्यावर पहिल्या रांगेत बसल्या. खोली भरली होती. दोन आकारांच्या व्हिडिओ कॅसेटींचे चाहतेसुद्धा एका ओळीत बसले होते.

फीतकाका मशीनपाशी उभे राहिले.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला आता वरचे सूर ऐकू येत नाहीत. हे मुद्रित केलं तेव्हा येत होते. आज मी मशीनवरच्या आवाजाच्या काट्याकडे बघून चालवणार आहे. कुठे बिघडलं तर ही कॅसेटमावशी हात वर करेल. आजपासून या कपाटाचे कान तिचे."

असं सांगताना एखाद्याचा आवाज पडला असता. त्यांचा चढला होता.

त्यांनी बटण दाबलं.

साडेतीन मिनिटं भाऊजींनी काहीही टिपलं नाही. त्यांनी फक्त मावशीचे हात पाहिले. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती आणि ते तिथेच राहिले. काकांची नजर काट्यावर होती. आवाज कोवळा होता, धीट होता आणि पंचेचाळीस वर्षांत त्याला एक सुरकुतीही पडली नव्हती.

गाणं संपलं. लाल टोक सुटून चकतीवर टपटप आपटत राहिलं. बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"शेवटच्या कडव्यात," त्या अखेर म्हणाल्या, "मी श्वास चोरला होता. तुम्हाला म्हटलं होतं, तेवढा कापा."

"म्हणालात खरं," फीतकाका म्हणाले. "नाही कापला."

"बरं केलंत." बाईंनी काठी बाजूला ठेवली. "पुन्हा लावा."

फीतकाकांनी कपाटाच्या उघड्या दारावरच्या स्वतःच्या चिठ्ठीकडे एकदा पाहिलं. मग गळ्यातली दोरी काढली, किल्ली सोडवून मावशीच्या हातात ठेवली आणि मशीनपासून बाजूला झाले.

"गुंडाळ," ते म्हणाले. "शेवटचं हातानं."